किल्ल्याला माळी हवा

पावसाळ्याच्या शेवटी बोरी नदीवरचं कुरनूर धरण भरून वाहायला लागलं की धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गात गाडी लावायला जागा मिळत नाही. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, बिदर, सगळीकडून माणसं येतात. किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणाऱ्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळत असतात. बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. त्याच्या सज्जात उभं राहिलं की डोळ्यांसमोरून पाणी खाली जातं आणि माणूस मात्र कोरडाच राहतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन यानं हे काम उभं केलं. चारशे वर्षांत बोरीला किती पूर आले असतील, बंधारा जागेवर आहे. लोक हे बघतात, फोटो काढतात, कणीस खातात आणि अंधार पडायच्या आत हायवेला लागतात.

धरणाचं पाणी उतरलं की गर्दीही उतरते. किल्ला मात्र वर्षभर तिथंच असतो. सव्वाशे एकरांच्या आसपास जागा, ११४ बुरूज, नऊ पाकळ्यांचा बुरूज, लांबलचक तोफा अंगावर घेऊन उभा असलेला उपळ्या बुरूज, मशीद, कोठारं, पडक्या कचेऱ्या. एवढ्या मोठ्या जागेत धबधब्याचा मोसम सोडला तर वस्ती असते ती गवताची, घाणेरीची, विलायती बाभळीची आणि तटाच्या सांध्यातून डोकावणाऱ्या पिंपळाची.

किल्ल्याचं रक्षण म्हटलं की आपल्याला तोफ आठवते, भगवा आठवतो, फार तर दगड-चुन्याची डागडुजी आठवते. माळी आठवत नाही. पण नळदुर्गसारख्या जागेला आज सगळ्यांत मोठी गरज आहे ती माळ्याची. रोज येणाऱ्या, वाकून काम करणाऱ्या आणि वर्षानुवर्षं तिथंच राहणाऱ्या माणसाची.

दोन बोटांचं काम

पिंपळाचं फळ खाऊन पक्षी तटावर बसतो आणि त्याच्या विष्ठेतून बी दगडांच्या सांध्यात पडतं. पहिल्या पावसात तिथं बोटभर रोप दिसतं. ते दोन बोटांनी उपटून येतं. दोन-तीन वर्षांनी मूळ चुन्याच्या दर्जेत शिरलेलं असतं; आता ओढलं तर सोबत चुना येतो. आणखी काही वर्षांनी मूळ दगडाच्या मागं पसरतं आणि जाड होत जातं तसा दगड बाहेर ढकलला जातो. मग झाड तोडून भागत नाही, कारण बुंध्यापासून ते पुन्हा फुटतं. आणि मुळासकट काढायचं तर आधी भिंत उतरवावी लागते. मग प्रस्ताव, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. जे काम पहिल्या वर्षी फुकट झालं असतं, ते दहाव्या वर्षी लाखांत जातं.

वड आणि उंबर यांचीही हीच गोष्ट. सपाटीवरचं तण वेगळं त्रास देतं. विलायती बाभूळ एकदा माजली की तटापर्यंत जायची वाट बंद होते, आणि जिथं माणूस जात नाही तिथली पडझड कुणाच्या ध्यानात येत नाही. घाणेरी उन्हाळ्यात वाळून पेट घ्यायला तयार असते. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते, काहींना दमही लागतो. म्हणजे किल्ल्यातल्या माळ्याचं पहिलं काम लावण्याचं नसून काढण्याचं आहे, आणि तेही वेळेवर काढण्याचं.

दुसरं काम, काय लावू नये हे ठरवण्याचं. जुन्या वास्तूभोवती हिरवळ असलीच पाहिजे ही समजूत आपल्याकडे फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झननं ताजमहालाच्या बागेची डागडुजी करवली तेव्हा जुनी दाट झाडी जाऊन मोकळी हिरवळ आली, आणि पुढे तोच नमुना देशभरच्या स्मारकांत गिरवला गेला. धाराशिवात वर्षाला साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मनाला येईल तसा. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे इथलं कुणी विसरलेलं नाही. अशा मुलखात वैशाखात हिरवळीवर पाण्याचे फवारे उडताना पाहून हौस वाटण्यापेक्षा अपराधी वाटायला हवं. शिवाय रोजचं पाणी जुन्या भिंतीच्या पायात मुरलं तर चुना भुसभुशीत होतो. भिंतीला ओल नको, झाडाला ओल हवी. दोघांमध्ये अंतर किती ठेवायचं हे ज्याला कळतं तो किल्ल्याचा माळी.

याचा अर्थ किल्ल्यात बाग परकी आहे असा मुळीच नाही. पाणी डोळ्यांसमोर खेळवण्यासाठी बंधाऱ्यात महाल बांधणाऱ्या राजवटीला बागेचं वावडं असणं शक्यच नव्हतं. विजापूरचा इब्राहिम रोजा बागेत उभा आहे, अहमदनगरच्या निजामशाहीचा फराह बाग नावापासूनच बाग आहे. प्रश्न बाग असावी का हा नाही. ती इथल्या पावसावर जगणारी असावी का, हा आहे. बालाघाटाच्या डोंगरउतारावर सीताफळ कुणी पाणी घालून वाढवत नाही. कवठ, बोर, करवंद, बकुळ, लिंब यांना एक-दोन उन्हाळे सांभाळलं की पुढे ती आपली आपण उभी राहतात. ते एक-दोन उन्हाळे सांभाळायला मात्र माणूस लागतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. नळदुर्ग राज्य संरक्षित स्मारक आहे. महाराष्ट्रात १९६० पासून प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा स्वतंत्र कायदा आहे. संरक्षित जागेत परवानगीशिवाय खड्डा खणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वृक्षारोपणाच्या उत्साहात मारलेल्या पहारीखाली एखाद्या महालाचा पाया, नळाची खापरी किंवा जुनं नाणं निघू शकतं. म्हणून इथल्या माळ्याला उत्साह थोडा कमी असला तरी चालेल, विचारण्याची सवय हवी.

मिसिसिपीकाठचं गाव

अशी रोजची माणसं कुठून आणायची? या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या नॉवू या गावात सापडतं. मिसिसिपी नदी जिथं मोठं वळण घेते तिथं १८३९ मध्ये जोसेफ स्मिथ आणि त्यांचे मॉर्मन अनुयायी येऊन वसले. पाच-सहा वर्षांत दलदलीच्या जागेवर हजारोंचं शहर उभं राहिलं. १८४४ मध्ये जवळच्या कार्थेजच्या तुरुंगात जमावानं स्मिथ यांना ठार मारलं. १८४६ मध्ये लोक शहर सोडून पश्चिमेकडे निघाले. पुढे त्यांचं मंदिर जळालं, घरं ओस पडली.

शंभरहून अधिक वर्षांनी, १९६२ मध्ये, नॉवूच्या पुनर्बांधणीसाठी एक संस्था निघाली. विटांची घरं, लोहारशाळा, छापखाना, दुकान हे सगळं पुन्हा उभं करण्यात आलं. १९७८ मध्ये स्त्रियांच्या स्मरणार्थ एक बाग तिथं खुली झाली. पण घरं बांधणं सोपं, ती रोज उघडणं अवघड. त्यासाठी चर्चनं आपल्याकडच्या निवृत्त जोडप्यांना हाक दिली. शिक्षक, शेतकरी, परिचारिका, बँकेतला कारकून, असे साठी ओलांडलेले नवरा-बायको आपलं घर बंद करून सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी येतात. राहण्याजेवण्याचा खर्च स्वतःचा. काही जण जुन्या काळचे कपडे घालून घरं दाखवतात, काही जण लोहाराच्या भट्टीपाशी उभे राहतात, आणि काहींच्या वाट्याला बागा येतात: तण काढणं, वाफे राखणं, छाटणी, पाणी, पानगळीत पानं गोळा करणं.

या व्यवस्थेतल्या काही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. मुदत आधी ठरलेली असते, त्यामुळे येणारा मोकळ्या मनानं येतो आणि जाताना अपराधी वाटत नाही. काम नेमून दिलेलं असतं. जोडीनं येण्याची मुभा असते, आणि म्हातारपणी परगावी राहण्यातली निम्मी भीती तिथंच संपते. तिथं धर्मप्रसारही आहे, ती जागा त्यांच्या श्रद्धेची आहे. हे वेगळं काढून ठेवलं तरी रोजच्या सेवेचा सांगाडा उरतोच.

मिशनरी जोडपं हे आपल्या मुलखालाही नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, पुढे सोलापूर आणि भोवतालच्या गावांत शाळा, दवाखाने उभे राहिले. ती जोडपी तरुणपणी यायची आणि बहुतेकांची हयात इथंच जायची. नगरजवळच्या वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक १८४६ मध्ये आले. धर्मप्रचाराइतकाच त्यांनी इथल्या पक्ष्यांचा आणि गोगलगायींचा अभ्यास केला. गोगलगायींच्या एका वंशाला त्यांचं नाव मिळालं. परक्या मातीतलं बारीकसारीक ओळखायला आयुष्य द्यावं लागतं हे त्या पिढीला ठाऊक होतं. नॉवूच्या निवृत्त जोडप्यांकडे आयुष्य नसतं, वर्ष-दोन वर्षं असतात. म्हणूनच तिथं माणसं बदलतात आणि काम चालू राहतं.

इथली पाळी

नळदुर्गजवळ मैलारपूर आहे आणि थोड्या अंतरावर अणदूर. दोन्ही ठिकाणी खंडोबा आहे आणि मूर्ती एकच. वर्षातले दहाएक महिने देव अणदुरात असतो, दोनेक महिने मैलारपुरात. ठरल्या दिवशी दोन्ही गावांतले मानकरी एकत्र येतात, करार होतो आणि देव मुक्काम हलवतो. पिढ्यानुपिढ्या हे सुरू आहे. कुणाची जबाबदारी कधी सुरू होते आणि कधी संपते याबद्दल संशयाला जागा नाही.

तुळजापुरात तर सेवेच्या वाटण्यांची मोठी रचनाच आहे. भोपे, पाळीकर, उपाध्ये, महंत, प्रत्येकाचं काम ठरलेलं. दसऱ्याला देवीची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. सीमोल्लंघनानंतर देवी श्रमनिद्रेला जाते आणि कोजागरीला उठते. त्या निद्रेचा पलंगही परजिल्ह्यातून येतो, आणतो तो ठरलेल्या घरातला माणूस. शेकडो किलोमीटरवरच्या कुटुंबांना वाटतं की आपण गेलो नाही तर देवीचं अडेल. व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात नसलेली ही सक्ती आहे, आणि ती चालते.

एका माणसानं काय होतं हे बघायचं तर तेरला जावं. तेर म्हणजे जुनं तगर, रोमन व्यापाराच्या काळात परदेशी लेखकांनाही माहीत असलेली बाजारपेठ. इथं पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडला की मणी, मृण्मूर्ती, नाणी उघडी पडतात. रामलिंगअप्पा लामतुरे यांनी ती वर्षानुवर्षं गोळा केली. त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आज गावात आहे. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचं नातं सांगणारी मूर्ती तेरच्या मातीत मिळाली, हे जगभरचे अभ्यासक सांगतात. लामतुऱ्यांनी उत्खनन केलं नाही. पाऊस पडून गेला की ते बघत राहिले, आणि गावात कुणाला काही सापडलं तर ते कुठं नेऊन द्यायचं हे लोकांना त्यांच्यामुळे कळलं.

जोडीनं लावलेल्या झाडांचं उदाहरण हवं तर सेवाग्रामचं घ्यावं. आश्रमात गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आहे आणि कस्तुरबांची बकुळ आहे. कुट्या मातीच्या आहेत, त्यांना दर वर्षी सारवण-लिंपण लागतं. रोजचा हात फिरला नसता तर त्या इतकी वर्षं टिकल्याच नसत्या.

म्हणजे मुदत, पाळी, रोजची देखरेख यातलं काहीच आपल्याला शिकवायची गरज नाही. देवळाला हे सगळं मिळतं. किल्ल्याला मिळत नाही, कारण किल्ला कुणाच्याच वाट्याला आलेला नाही.

राजवटी, कंपनी आणि एक दिवसाचं श्रमदान

नळदुर्गच्या वाट्याला मालक मात्र खूप आले. चालुक्य, बहामनी, आदिलशाही, मोगल, निजाम. १८५३ च्या तहानं हा भाग काही वर्षं इंग्रजांकडे गेला आणि फिलिप मेडोज टेलर डेप्युटी कमिशनर म्हणून इथं आला. पुढे १८६३ मध्ये त्यानं ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तिचं कथानक तुळजापुरातून सुरू होतं. १८६० मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला. नळदुर्ग हे पूर्वी जिल्ह्याचं नाव होतं. कचेऱ्या धाराशिवला गेल्या आणि किल्ला मागं राहिला.

२००७ मध्ये राज्य सरकारनं ‘महाराष्ट्र वैभव’ नावाची स्मारक संगोपन योजना आणली. तिच्यात २०१४ मध्ये नळदुर्ग सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स या कंपनीकडे दहा वर्षांसाठी देण्यात आला. झुडपं निघाली, वाटा झाल्या, बागा लागल्या, नौका फिरू लागल्या. किल्ल्यात संध्याकाळी कुटुंबं येऊ लागली. ज्यांनी त्याआधीचा काटेरी किल्ला पाहिला आहे त्यांना हा बदल लहान वाटणार नाही. पण कुठल्याही कंपनीला खर्च आणि तिकीट यांचा मेळ घालावा लागतो. म्हणून जिथं पर्यटक जातो तिथली बाग आधी होते. जिथं तो जात नाही त्या मागच्या तटावरचं बोटभर रोप ताळेबंदात दिसत नाही.

दुसरीकडे दुर्गप्रेमी तरुणांची श्रमदानं असतात. पुण्या-मुंबईहून, सोलापूरहून मुलं येतात, एका रविवारी ट्रॅक्टरभर काटे काढतात आणि जातात. त्यांच्या घामाबद्दल आदरच आहे. पण तण रविवार बघून उगवत नाही.

कोण येईल, कुणी यावं

धाराशिव जिल्ह्यात नॉवूसारखी निवृत्त जोडपी आहेत का? आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, एसटीतले वाहक-चालक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतली माणसं. मुलं पुण्यात, हिंजवडीत किंवा त्याहून लांब. फ्लॅटमध्ये तीन महिने राहून परत आलेली, गावच्या घरात दोघंच असलेली जोडपी जवळपास प्रत्येक गल्लीत दिसतील. यातल्या बहुतेकांनी शेती पाहिलेली आहे, शाळेत परसबाग केलेली आहे, वारी केलेली आहे. त्यांना किल्ल्याबद्दल प्रेम शिकवायला नको. किल्ल्यात आपलं काय काम, हे कुणीतरी सांगायला हवं.

पण इथं एक अडचण आहे आणि ती झाकून उपयोग नाही. निवृत्ती ही पगारदाराची चैन आहे. कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला साठाव्या वर्षी निरोप समारंभ होत नाही. त्याला स्वखर्चानं सेवा करायला सांगणं ही थट्टा ठरेल. आणि किल्ल्यातलं जे मुख्य काम आहे, खुरपणीचं, ते मराठवाड्यात आधीपासून बायकाच करतात, कमी मजुरीवर आणि कमरेचं दुखणं सोसत. तण आणि रोप यांतला फरक त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही. पेन्शनरांच्या हौसेपायी या बायकांचा रोज बुडाला तर किल्ल्याचं भलं होणार नाही.

म्हणून कामाची वाटणी नीट हवी. खुरपणी आणि जड काम गावातल्या बायका-पुरुषांना रोजगार म्हणून, पूर्ण मजुरीनं. जोडप्यांकडे देखरेख: दर आठवड्याला ठरलेल्या टापूत फिरायचं, तटात उगवलेलं नवं रोप शोधायचं, जे दोन बोटांनी निघेल ते काढायचं, जे निघणार नाही त्याचा फोटो आणि जागा वहीत लिहून पुरातत्त्व विभागाला कळवायची, नव्या झाडांना उन्हाळ्यात पाणी मिळतंय का बघायचं, येणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगायच्या. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा सकाळी नऊच्या आत काम संपवायचं. सुरुवातीला विभागाच्या तज्ज्ञानं आठवडाभर शिकवायचं: कुठं हात लावायचा आणि कुठं अजिबात नाही.

आणखी एक अट. नॉवूत सेवा आणि धर्म एकत्र आहेत. नळदुर्गच्या तटाआत मशीद आहे, शेजारी मैलारपूरचा खंडोबा आहे, नावात नळराजाची दंतकथा आहे. इथली सेवा कुठल्याही पंथाच्या किंवा पक्षाच्या झेंड्याखाली सुरू झाली तर पहिल्याच वर्षी भांडण लागेल आणि तण पुन्हा माजेल. मशिदीच्या भिंतीतला पिंपळ आणि बुरजातला पिंपळ सारख्याच काळजीनं काढायला तयार असेल त्यानंच यावं.

याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. संगोपन योजनेत आज कंपन्या आणि संस्था आहेत. त्यांच्या शेजारी जोडप्यांना जागा द्यावी. एका जोडप्याकडे एक बुरूज आणि त्याला लागून असलेला तट, एका वर्षासाठी. वर्ष संपलं की वहीसकट पुढच्या जोडप्याच्या हवाली, अणदूर-मैलारपूरसारखं दोन्हीकडच्यांच्या सह्यांनी. जाण्यायेण्याचा एसटीचा पास, ओळखपत्र, खुरपं आणि पाण्याची सोय शासनानं करावी. नळदुर्गला ११४ बुरूज आहेत, म्हणजे एका वर्षाला ११४ जोडपी. आधी दहा बुरजांवर करून बघावं. हीच पद्धत बसली तर परंड्याच्या किल्ल्यालाही लावता येईल.

यात उद्घाटनाला फीत कापण्यासारखं काही नाही, त्यामुळे कुणा पुढाऱ्याला हे सुचण्याची शक्यता कमी. ते निवृत्तांच्या संघटनांनीच मागावं. पेन्शनच्या फरकासाठी ज्या चिकाटीनं अर्ज, स्मरणपत्रं आणि पुन्हा अर्ज केले जातात, त्यातला एक अर्ज एका बुरजासाठी करावा.